गाडीचं दिसणं

४ ऑक्टोबर

शहाण्या,

त्या सकाळी मी दोन्ही गाईंची धार काढली, चुलीतली राख काढून नव्या गोवऱ्या घातल्या, समोवार भरला, कुत्र्याला कालचा रस्सा टाकला आणि बादली वाजवली. तुझा भाऊ अंगणात गाडीपुढे उकिडवा बसला होता. गाडीच्या पुढच्या दोन काचा, त्या फारा, टूथपेस्टने घासत होता. तोंडात मोजके दात उरले होते, त्यांच्या वाट्याला ती पेस्ट कधी आली नाही. काचेचा पिवळेपणा जातो म्हणे. बादली ऐकून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "चहा झाला?" एवढंच. त्या सकाळी विशेष काहीच घडलं नाही, म्हणून ती नीट आठवते. विशेष घडलं त्या सकाळचं मला काही आठवत नाही.

आता फारा मी घासते. गाडीला सवय आहे आणि मला दुसरं काम नाही, असं तुझी बायको आयझिरेक म्हणते ते अगदी खरं आहे. दोन गाई, आठ घरांचं दूध आणि सगळा हिवाळा सोडला तर मी रिकामीच असते.

हे पान संपलं, पुढचं घेते.

तर मुद्द्याचं. दिसणं फार कमी झालंय. सकाळी दुधाचे कॅन घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघते तेव्हा समोरचं अगदी नाकाशी आल्याशिवाय कळत नाही. परवा कासिमची घोडी थोडक्यात वाचली. पेस्ट लावून पाहिली, दोन्हींना, चांगली चोळून. काही फरक नाही. डावा तर जवळजवळ गेलाच. तू शहरात असतोस, तुझ्या ओळखी असतात, निदान तू तसं सांगतोस. नवे मिळत असतील तर बघ. जास्त जोराचे.

सोबत लोणी पाठवलंय, मेंढीच्या धुऊन वाळवलेल्या पोटात भरलेलं. गाडीवाल्याला सांगितलंय की वाटेत त्यावर बसू नकोस.

तुझी जेंगे,
सोनुनबुबू

•

बिश्केक, ११ ऑक्टोबर

आदरणीय जेंगे,

लोणी पोचलं. गाडीवाला त्यावर बसला होता. तुमच्या पत्राचं पहिलं पान लोण्यात पूर्ण विरघळलं, पण दुसरं आयझिरेकने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्या हातातला चहा खाली सांडला.

जेंगे, डोळ्यांना टूथपेस्ट लावतात का? कोणी सांगितलं तुम्हाला? आयझिरेकच्या मावशीचा मुलगा डॉक्टर आहे, त्याला लगेच फोन केला. तो जनावरांचा आहे, पण डोळा म्हणजे डोळाच. तो म्हणाला की आयुष्यात असं ऐकलं नाही, आणि डावा खरंच गेला असेल तर उजव्याची घाई करा. नवे डोळे बिश्केकमध्येही मिळत नाहीत, जेंगे, जोराचे तर नाहीतच. गावातल्या बंद पडलेल्या ग्रंथालयातून आणलेली ती पुस्तकं अंधुक उजेडात वाचत बसता, त्याचं हे फळ.

आम्ही घरात बसून ठरवलं ते असं. तुम्ही आजपासून गाडी चालवायची नाही. माझा मेहुणा आहे ना, उरमात, तो येऊन गाडी इकडे घेऊन येईल. त्याला टॅक्सी चालवायची आहे, गाडीही कामाला लागेल. दादांची गाडी परक्याच्या हाती जायला नको, आणि उरमात काही परका नाही. गाडी नाही म्हणजे दूध नाही, दूध नाही म्हणजे तिथे एकटं राहण्यात अर्थ नाही. तेव्हा तुम्हीही या. सहाव्या मजल्यावर बाल्कनीला काचा लावून घेतल्यात, तिथे तुमची खाट बसते. कांद्याची पोती हलवू.

सोबत डोळ्यांत घालायचं औषध आणि जाड भिंगाचा चष्मा पाठवतोय. फोन उचलत नाही म्हणून लिहितोय.

तुमचा,
मेलिस

•

१७ ऑक्टोबर

शहाण्या,

फोन उचलत नाही कारण फोनवर तू बोलतोस आणि तूच ऐकतोस. पत्रात निदान मला माझी पाळी मिळते.

माझे डोळे ठीक आहेत. तुझं पत्र मी चष्म्याशिवाय वाचलं. "म्हातारी ऐकणार नाही" हे आयझिरेकने खोडलेलं वाक्यही वाचलं. चष्मा मी कासिमला दिला. त्याने तो लावून बायकोकडे बघितलं आणि काढून ठेवला. औषध घोडीच्या डोळ्यात घातलं, तिला आराम पडला. जनावरांच्या डॉक्टरला माझा सलाम सांग.

दिसणं कमी झालंय ते गाडीचं. फारांचं. काचेतून जे बाहेर पडतं आणि रस्त्यावर पसरतं, ते. त्याला काय म्हणतात हे तुला मी सांगायचं का? तुझ्या भावाचं नाव काय होतं ते विसरलास?

शहरात राहून तू कसला सुधारलास मला माहीत नाही, पण आपल्याकडे सून सासरच्यांची नावं घेत नाही आणि नवऱ्याचं तर नाहीच, हे तुला मी लग्न होऊन आले तेव्हाही ठाऊक होतं. तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. तू मला वहिनी म्हणून जेंगे म्हणायचास, पण मला तुझं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून तुला मी 'शहाणा' नाव दिलं. तेव्हा ते कौतुक होतं.

माझ्या सासूने मुलाचं नाव असं ठेवलं की बायकोने दिवसातून वीसदा अडखळावं. दुसऱ्या बायकांचे नवरे दगड, लोखंड, लांडगा. लांडगा काय, वर्षातून एकदा येतो. माझ्या वाट्याला आलं ते रोज सकाळी खिडकीतून आत यायचं. मी कधी ते म्हटलं नाही. सकाळ झाली की मी म्हणते 'फटफटलं'. खिडकी उघड म्हणायचं तर 'बाहेरचं आत येऊ दे'. आणि लाइन गेली की म्हणायची, 'ते गेले'. तुझा भाऊ आतल्या खोलीतून ओरडायचा, "मी इथंच आहे."

आता लाइन जाते तेव्हा मी म्हणते 'ते गेले' आणि कोणी काही बोलत नाही. शेजारीण नवीन आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भाकरी घेऊन भेटायला आली. मी ठेवून घेतली.

तर बल्ब पाठव. आणि उरमातला सांग, गाडी कामालाच आहे.

तुझी जेंगे,
सोनुनबुबू

•

बिश्केक, २५ ऑक्टोबर

आदरणीय जेंगे,

चूक झाली, मान्य. पण जगात सगळे म्हणतात तसं 'उजेड' लिहिलं असतं तर मी जनावरांच्या डॉक्टरसमोर लाजलो नसतो. तो आता मला विचारतो, वहिनीला दात घासायला डोळ्यांचं औषध देता का.

असो. मोटारबाजारात जाऊन बल्ब आणलेत. तुमचे जुने हॅलोजनचे पिवळट होते, ते आता कोणी वापरत नाही. हे पांढरे आहेत, नवे, एलईडी. दुकानदार म्हणाला, आपल्या जबाबदारीवर लावा, मध्यरात्री कोंबडे आरवतील. माझ्या मित्राने लावलेत, त्याच्या गाडीला रस्त्यात सगळे वाट देतात. बदलणं सोपं आहे, खोक्यावर चित्रं आहेत.

पण एक स्पष्ट बोलतो. तुम्हाला राग येईल, तरी बोलतो. आयझिरेक आणि मी अजूनही म्हणतो की गाडी आणि तुम्ही, दोघींनी इकडे यावं. उरमातने जुनं काम सोडलंय, तो गाडीवर डोळा ठेवून बसलाय. तुम्ही म्हणता दिसणं सुधारलं की सगळं ठीक. मग ठरवून टाकू. पहिलं बर्फ पडेपर्यंत फारा ठीक झाल्या तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाल्या तर उरमात येईल. दादा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

तुमचा,
मेलिस

•

९ नोव्हेंबर

शहाण्या,

दादा असते तर काय म्हणाले असते हे तुला सगळ्यांत जास्त कळतं, कारण ते असताना तू वर्षातून एकदा यायचास.

तुझी अट मला मान्य आहे. आता फारांची हकीगत ऐक. एकही शब्द लपवत नाही, कारण बर्फ पडलंय.

बल्ब मीच बसवले. चित्रांतला माणूस हसत हसत बसवतो, त्याचा हात गाडीत कोपरापर्यंत अडकलेला दाखवत नाहीत. पहिल्या सकाळी चावी फिरवली आणि समोरचा डोंगर एकदम पुढे आला. असा, की मला वाटलं दुधात पाणी किती घालते हे विचारायला आलाय. मी खूश झाले. अगदी वळणापर्यंत खूश होते.

वळणावर इमाम येत होते, त्यांच्या गाडीतून. ते सरळ खड्ड्यात गेले. मी धावत गेले. ते स्टिअरिंगला धरून बसले होते. म्हणाले, "जेंगे, मला वाटलं बोलावणं आलं. मी कलमासुद्धा म्हणून घेतला." मग त्यांनी माझ्या गाडीकडे बघितलं. "बोलावणाऱ्याकडे दुधाचे कॅन असतील असं मात्र कुठे वाचलं नव्हतं."

टँकरवाला तालाय टोपी तोंडावर घेऊनच दूध मोजतो. तो इथलाच, त्यामुळे माझ्यासमोर तो शब्द काढत नाही. म्हणतो, "जेंगे, तुमचे ते जरा खाली बसवा की. सगळ्यांच्या अंगावर येतात." माझ्या नवऱ्याबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं. कासिमची घोडी मला बघून आता रस्ताच सोडते. तुझ्या मित्राला सगळे वाट का देतात ते कळलं.

आणि बर्फ. बर्फ पडायला लागलं तेव्हा पांढऱ्यावर पांढरं आपटलं आणि समोर चुन्याची भिंत उभी राहिली. डोक्यावरून चादर घेऊन गाडी चालवल्यासारखं झालं. जुने पिवळे बल्ब बिचारे थोडंच दाखवायचे, पण दाखवायचे तो रस्ता असायचा.

मग तिन्हीसांजेला गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर उभी केली, फारा लावल्या आणि भिंतीकडे बघत बसले. पुस्तक वाचतात तसं. पांढऱ्याची कड मधल्या खांबापर्यंत सरळ जाते आणि तिथून डावीकडे वर चढते. मी कोळशाने रेघ मारली. दुसऱ्या फारेचीही तशीच.

अर्थ असा. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, जपानची. तिकडे लोक रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, तेव्हा तिच्या फारांनी डावी कड नीट बघायची, पायी जाणारा दिसावा म्हणून. आपण जातो उजवीकडून. म्हणजे इतकी वर्षं त्या आपली कड सोडून समोरच्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पिवळे बल्ब मिणमिणते होते, म्हणून कोणाला कळलं नाही. तू त्यांना जोर दिलास. तुझा आणि या फारांचा स्वभाव एकच आहे, आपली बाजू सोडून दुसऱ्याच्या बाजूला काय आहे ते बघायचं.

दोष बल्बचा कमी, बघण्याच्या दिशेचा जास्त. फाराच बदलायला हव्यात. मी कोचकोरच्या बाजारात जाऊन बघते. बर्फ पडलंय हे मी कबूल केलं, आता तू मला थोडी सवलत दे.

तुझी जेंगे,
सोनुनबुबू

•

बिश्केक, १५ नोव्हेंबर

आदरणीय जेंगे,

तुमचं पत्र आयझिरेकने दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा मला ऐकवायला.

बर्फ पडलं. फारा बिघडल्या, आणि इमाम खड्ड्यात. अट तुम्हीच मान्य केली होती. तरीही सवलत देतो, कारण मी तुमच्याच हातचं खाऊन मोठा झालो. उरमात २४ तारखेला तुमच्याकडे पोचेल. त्या दिवशी फारा सरळ असल्या तर तो रिकामा परत येईल. नसल्या तर गाडी आणि तुम्ही.

मला नाही वाटत मिळतील. तुम्ही दुकानात जाऊन सांगणार काय? 'आमचे ते उजवीकडे पडतात असं काहीतरी द्या'? जेंगे, रागावू नका, पण दादांना जाऊन दोन हिवाळे झाले. आता कोणाला लाजता? गावात तुमच्यासाठी लोक शब्द गिळतात, बाजारात कोण गिळणार? जगासारखं सरळ 'उजेड' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

पोती हलवली आहेत.

तुमचा,
मेलिस

•

२४ नोव्हेंबर

शहाण्या,

पोती परत होती तिथे ठेव. कांद्याला थंड हवा लागते.

आज सकाळी दूध घालून तशीच कोचकोरला गेले. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे तिथे ओळीने बसतात, लोखंडी डब्यांत. पहिले दोघे 'नाही' म्हणाले. तिसऱ्याने गाणं इतक्या जोरात लावलं होतं की त्याच्या डब्याचं पत्र्याचं छप्पर नाचत होतं.

मी म्हणाले, "फारा हव्यात." गाडी दाखवली. त्याने लगेच जोडी काढून ठेवली, अगदी माझ्यासारखीच. मी म्हणाले, "या नकोत. या डावीकडे बघतात. मला उजवीकडे बघणाऱ्या हव्यात." तो आत गेला आणि उजव्या बाजूचा आरसा घेऊन आला.

"आरसा नको. ज्यांच्यातून ते बाहेर पडतात आणि उजव्या कडेला जातात, त्या."

"कोण बाहेर पडतात?"

"ते."

"ते म्हणजे कोण, आपा? तुमचे मालक?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मग मालक उजव्या कडेने जातायत तर जाऊ द्या की. तीच कायद्याची बाजू आहे."

मागे माणसं थांबली होती, ती हसायला लागली. एका बाईने दुसरीला सांगितलं, "नवरा शोधतेय बिचारी." दुकानदाराने गाणं बंद केलं नाही. त्याने माझ्यापुढे वायपर ठेवले, मग हॉर्न ठेवला. हॉर्न मी नुसताच हातात धरून राहिले, कारण तेवढ्यात मला तुझं ते वाक्य आठवलं होतं, कोणाला लाजता. मी लाजत नाही रे. तुला कधी कळलं नाही हे. नाव घ्यायचं नाही म्हणून मी त्यांना आयुष्यभर हाक मारली नाही. आम्हाला मूल नव्हतं, तेव्हा अमक्याचे बाबा असंही म्हणता आलं नाही. शेतात असोत, गोठ्यामागे असोत, मी बादली वाजवायची आणि ते यायचे. गावातल्या सगळ्या बादल्यांमधून त्यांना माझी ओळखू यायची. मी तो शब्द टाळते कारण त्याची जागा राखून ठेवलीय. तू म्हणतोस मोकळी हो. जागा मोकळी करायची म्हणजे काय करायचं ते मला कळत नाही.

पण बाजारात बादली नव्हती. मी खरंच इकडेतिकडे बघितलं. ग्रीसचे डबे होते, भरलेले. भरलेला डबा वाजत नाही.

मग मी म्हणाले, "उजेड."

लिहितानाही आता हात थांबला. दुकानदार म्हणाला, "काय?" गाणं चालू होतं. म्हणून दुसऱ्यांदा ओरडून म्हणावं लागलं. "ज्यांचा उजेड उजवीकडे पडतो त्या फारा." माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. आणि म्हटल्याबरोबर मी मागे वळून बघितलं. मुद्दाम नाही. हाक मारली की माणूस बघतो तसं.

कोणी "मी इथंच आहे" म्हणालं नाही. दुकानदार म्हणाला, "असं आधी सांगायचं ना, आपा," आणि आत जाऊन जोडी घेऊन आला. आपल्याच गाडीची, पण युरोपात विकलेल्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची. बल्ब त्यात हॅलोजनचेच घेतले, पिवळे, आधीच्यापेक्षा थोडे जोराचे. पांढऱ्यांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, हे नकोत का. मी सांगितलं, माझ्या दिराने पाठवलेत, त्याला खूप दिसतं.

उरमात संध्याकाळी आला, शहरी बुटांत. मी फारा बसवत होते, तोही खाली वाकला. स्क्रू त्याने घट्ट केले. चांगला आहे, तुझ्यावर गेलेला नाही. मग गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर लावली. पिवळी कड सरळ आली आणि खांबापासून उजवीकडे वर चढली, माझ्या कोळशाच्या रेघेच्या बरोबर उलट. तो म्हणाला, "आता उजेड बरोबर पडतोय." मी त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे, ते बरोबर पडतायत." त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मी बोरसोक, कणकेचे तुकडे, तळले; वारलेल्यांना तेलाचा वास पोचतो म्हणतात, तो तुझ्या भावाला पोचावा म्हणून. उरमातने बरेच खाल्ले, वासाला काही उरलं असेल तर पोचलं असेल. तळताना लाइन गेली. मी म्हणाले, "ते गेले." तुला वाटलं असेल की एकदा म्हटला म्हणजे आता मी तो शब्द जगासारखा वापरीन. नाही. बाजारात रस्त्यासाठी लागला, तिथे वापरला. घरात तो त्यांचा आहे.

तुझे पांढरे बल्ब खोक्यात घालून परत पाठवतेय. उरमातला टॅक्सी मिळाली तर लावायला देऊ नकोस. बिश्केकमध्ये इमाम पुष्कळ आहेत.

तुझी जेंगे,
सोनुनबुबू

ता. क. पत्र उरमातच्या हाती द्यायचं राहून गेलं, म्हणून पुढचंही लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही गाईंची धार काढली, दुधाचे कॅन आणि उरमात गाडीत घातले, मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत गेले, कॅन तालायला दिले आणि उरमातला बिश्केकच्या गाडीत बसवलं.